यंग स्ट्रीट, सप्टेंबर १९६५: काचपेटीत बसवलेला रस्ता (कामाच्या नोंदी)

११ जानेवारी २०२५

टोरोंटोच्या यंग स्ट्रीटवरचा डंडास ते जेरार्ड हा पट्टा, रात्रीचा, पाट्या पेटलेल्या, असा मे महिन्यात आमच्या भागातल्या ग्रंथालयाच्या काचपेटीत छोट्या मॉडेलच्या रूपात मांडायचा आहे. रॉक अँड रोलचे सुरुवातीचे अड्डे याच पट्ट्यात होते. पेटी आतून १८० सेंटिमीटर लांब आणि ४५ सेंटिमीटर खोल.

माप ठरवतानाच पहिली कात्री लागली. रेल्वेची मॉडेलं करणारे १:८७ वापरतात, पण त्या मापात हा रस्ता चार मीटरच्या वर जातो. १:१६० घेतलं तरी पेटीत मावत नाही. मग दोन गोष्टी ठरवल्या. एक, माप १:१६०च, पण मधली बिनकामाची दुकानं गाळायची. दोन, रस्त्याची फक्त पूर्वेकडची बाजू करायची. टोरोंटोत यंगच्या पूर्वेला विषम क्रमांक आहेत आणि आपल्याला हवं ते जवळजवळ सगळं तिथेच आहे: डंडासच्या किंचित दक्षिणेला २८३ ला फ्रायर्स टॅव्हर्न, ३३३ ला ल कॉक डॉर हा बार, त्याला खेटून गूल्ड स्ट्रीटच्या कोपऱ्यावर ३३५ ला एडिसन हॉटेल, गूल्ड ओलांडली की ३४७ ला सॅम द रेकॉर्ड मॅन, ३४९ ला स्टील्स टॅव्हर्न, ३५१ ला ए अँड ए रेकॉर्ड्स, आणि ३५९ ला झांझिबार हा बार. दोन रेकॉर्डच्या दुकानांच्या मध्ये एक गाण्याचा बार. एवढा सोयीचा रस्ता शोधूनही सापडत नाही.

पश्चिमेकडचा क्लब ब्लू नोट, क्रमांक ३७२, त्यामुळे बाहेर राहतो. त्याचं काय करायचं ते नंतर बघू.

२५ जानेवारी

या आठवड्यात, २१ तारखेला, गार्थ हडसन गेले. फ्रायर्समध्ये वाजवणाऱ्या लेव्हन अँड द हॉक्स या बँडच्या (पुढे 'द बँड' म्हणून गाजलेल्या) पाच जणांतले ते शेवटचे. काम सुरू केलं तेव्हा पाचातला एक तरी हयात होता.

साहित्य कुठे मिळतं, हे पुढे कोणी अशा कामात पडणार असेल त्याच्यासाठी. शहराचा दफ्तरखाना, २५५ स्पडायना रोड: फोटो बघायला पैसे पडत नाहीत. ७८९ यंग स्ट्रीटवरचं रेफरन्स लायब्ररी: तिथे जुन्या शहर-डिरेक्टऱ्या आहेत. त्यात रस्त्याप्रमाणे, दाराप्रमाणे कोण होतं ते छापलेलं असतं. मात्र डिरेक्टरीची माहिती छापायच्या आधी गोळा केलेली असते, म्हणून १९६५ साठी १९६५ आणि १९६६ अशा दोन्ही बघाव्यात. नाहीतर वर्षभरापूर्वी उठून गेलेला शिंपी तुमच्या मॉडेलमध्ये दुकान मांडून बसतो.

तिसरी गोष्ट म्हणजे आग-विमा कंपन्यांसाठी केलेले नकाशे. विटेचं बांधकाम गुलाबी, लाकडी पिवळं, दगडी निळं. इमारतीची रुंदी, खोली, मजले, सगळं तिथेच मिळतं. या नकाशांवरून लक्षात येतं की हे बार रस्त्यावर अरुंद आणि मागे लांबच लांब होते. बँडचा आवाज त्या बोळात कसा कोंडत असेल, हे नकाशा बघूनच कळतं.

फोटो बहुतेक काळे-पांढरे. निऑन पाटीचा रंग त्यावरून काढता येत नाही. म्हणून नियम केला: रंगाचा लेखी किंवा रंगीत पुरावा असेल तर तो, नसेल तर लालसर नारिंगी, कारण नळीत निव्वळ निऑन वायू असला की तोच रंग येतो. निळा आर्गॉन आणि पाऱ्याचा. तो पुराव्याशिवाय कुठेच लावायचा नाही.

८ फेब्रुवारी

भिंती ३ मिलिमीटरच्या एमडीएफच्या. कापून गॅरेजमध्ये पांढऱ्या फेव्हिकॉल-छाप डिंकाने जोडल्या आणि रात्रभर क्लँप लावून ठेवल्या. सकाळी क्लँप काढला तर सांधे हातात आले. डिंक सुकून खडूसारखा पांढरा पडला होता, भुगा होत होता. बाहेर उणे अकरा, गॅरेजमध्ये जेमतेम दोन अंश. हा डिंक साधारण दहा अंशांच्या खाली नीट धरतच नाही. बाटलीवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं.

सगळे सांधे खरवडून साफ केले आणि काम स्वयंपाकघरातल्या टेबलावर आलं. घरातून यावर जे ऐकावं लागलं ते नोंदीत घेत नाही.

१५ फेब्रुवारी

खालची फळी ६ मिलिमीटर प्लायवूडची घेतली होती. हीटिंगमुळे घरात हवा इतकी कोरडी की आठवड्याभरात फळी मधोमध उचलली गेली. टोकापासून बघितलं तर यंग स्ट्रीटला चढ आलेला. खालून लाकडी पट्ट्यांची चौकट स्क्रूने मारली, दोन आडव्या पट्ट्या मध्ये. फळीच्या दोन्ही बाजूंना रंगाचा एकेक हात दिला. एकाच बाजूला दिला असता तर पुन्हा वाकली असती. पट्ट्या आणि स्क्रू मिळून १९ डॉलर. चौकट आधीच मारून घ्या.

१ मार्च

आता पाट्या. पाट्यांशिवाय या रस्त्याला अर्थ नाही. टोरोंटोसारख्या सोवळ्या शहरात रविवारी बार बंद, दारू प्यायचं वय २१, आणि तरी सोमवार ते शनिवार या चार चौकांत नुसता झगमगाट.

पहिला प्रयोग ईएल वायरचा, म्हणजे लवचिक चमकत्या तारेचा. मला मिळालेली बारीकात बारीक तारही सव्वा मिलिमीटरच्या पुढे. १:१६० मध्ये ती वीस सेंटिमीटर जाडीची नळी होते, अक्षरं नाही, ड्रेनेजचे पाइप दिसतात. कोपऱ्यात वळवली की आतला थर तडकतो आणि तिथून पुढे काळोख. शिवाय तिचा इन्व्हर्टर डासासारखा गुणगुणतो. ग्रंथालयात ते चालणार नाही. ४६ डॉलर पाण्यात.

९ मार्च

दुसरा प्रयोग लवचिक एलईडी फिलामेंटचा. दिसायला सुंदर. पण तीन व्होल्टवर चालणाऱ्या या काड्यांना सोल्डरिंग करताना तापलेली सळई तीन सेकंदांपेक्षा जास्त टेकली की टोक मरतं, आणि छोट्या अक्षरासाठी लागतो तेवढा बाक त्यांना सोसत नाही. सहाचं पाकीट, दोन उरल्या. त्या झांझिबारच्या दारावरच्या कमानीला वापरल्या, कारण तिथे बाक मोठा आहे.

शेवटी जे चाललं ते सगळ्यात साधं निघालं. पाटीचं चित्र पारदर्शक फिल्मवर लेझर प्रिंटरने उलटं छापायचं, काळ्यात अक्षरं कोरी. एका फिल्मचा काळा पुरेसा दाट नसतो, मागून उजेड पाझरतो. म्हणून दोन फिल्म तंतोतंत एकावर एक. मागे पातळ बटरपेपर. त्यामागे ॲल्युमिनियमच्या चिकटपट्टीने आतून मढवलेली छोटी डबी, तिच्यात एलईडी. बटरपेपर आणि एलईडीमध्ये किमान आठ मिलिमीटर अंतर हवं, नाहीतर अक्षराऐवजी ठिपका पेटतो.

इंकजेट वापरू नका. वरून लॅकर मारल्यावर ल कॉक डॉरची पाटी माझ्यासमोर वाहून गेली.

रंगाचं: प्रोग्रॅममध्ये निव्वळ लाल दिला तर सिग्नल वाटतो. लाल २५५, हिरवा ६०, निळा १० असं दिलं की निऑनच्या जवळ जातो.

२२ मार्च

आज काही बांधलं नाही, दिवसभर भांडलो. मित्रमंडळींना फोटो पाठवले तर प्रत्येकाचं पहिलं वाक्य एकच: "सॅमच्या तबकड्या कुठेत?" ३४७ क्रमांकावरच्या त्या दोन प्रचंड फिरत्या निऑन तबकड्या म्हणजेच यंग स्ट्रीट, असं इथल्या प्रत्येकाच्या डोक्यात बसलंय. दुकान १९६१ पासून तिथे होतं, पण सप्टेंबर १९६५ मध्ये त्या तबकड्या लागलेल्याच नव्हत्या. दुकान २००७ मध्ये बंद झालं, जागेवर विद्यापीठाची इमारत उभी राहिली, आणि तबकड्या २०१८ पासून जवळच व्हिक्टोरिया स्ट्रीटवरच्या एका इमारतीच्या माथ्यावर चढवल्यात. त्या बघायच्या असतील तर तिथे जावं. पेटीत नाहीत.

महिना एवढा घट्ट धरायचं कारण सांगतो. या रस्त्याच्या आठवणी वीस वर्षांच्या आहेत आणि लोक त्या एकाच रात्री घडल्यासारख्या सांगतात. एल्विस (तो मुळात यंगवर नाही, २ एप्रिल १९५७ ला मेपल लीफ गार्डन्स या बंदिस्त स्टेडियममध्ये गायला), हॉकिन्स, डिलन, लाइटफूट, तबकड्या, सगळे एकदम. तसं मॉडेल केलं तर ते दुकानातलं स्मरणचिन्ह होईल. मी सप्टेंबर १९६५ चा मध्य धरला, कारण त्याच दिवसांत बॉब डिलन फ्रायर्समध्ये लेव्हन अँड द हॉक्सना ऐकायला आणि त्यांच्याबरोबर तालीम करायला आला. ऑगस्टमध्ये बीटल्स गार्डन्समध्ये येऊन गेलेले. १३ सप्टेंबरला नवं सिटी हॉल उघडलेलं.

तारीख धरली की बारीकसारीक गोष्टी आपोआप ठरतात. विकत आणलेल्या झेंड्यांच्या स्टिकर-पाकिटात जुना लाल एन्साइन (कॅनडाचा आधीचा झेंडा) होता. मेपलच्या पानाचा झेंडा १५ फेब्रुवारी १९६५ पासून लागला, म्हणून नवे छापले, अकरा मिलिमीटरचे. ट्रामचंही तसंच. १९५४ च्या मार्चमध्ये भुयारी रेल्वे सुरू झाली आणि यंगवरच्या ट्राम गेल्या, त्यामुळे रस्त्याच्या लांबीला रूळ नाहीत. डंडासवर मात्र आहेत, आडवे. तिथे मरून-क्रीम रंगाची एक ट्राम यंग ओलांडताना उभी केली आहे.

आणि लाइटफूट. कॅनडाचा लोकगायक गॉर्डन लाइटफूट स्टील्समध्ये गायचा, हे बरोबर. पण १९६५ पर्यंत तो यॉर्कव्हिल भागातल्या कॉफीहाउसांकडे वळला होता. स्टील्सच्या खिडकीत गिटारवाला बसवला नाही. यावरून एक जण अजून नाराज आहे.

५ एप्रिल

फ्रायर्सचं छप्पर उचलता येईल असं केलं, आत मंच दाखवायचा म्हणून. सगळ्यात जास्त वेळ इथे गेला, आणि तो घालवायचाच होता.

माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात. रॉनी हॉकिन्स आर्कान्सॉचा. कॉनवे ट्विटीने सांगितलं कॅनडात काम आहे, म्हणून १९५८ मध्ये हॅमिल्टनला आला, तिथून टोरोंटोला, आणि ल कॉक डॉर त्याचं घरच झालं. ड्रमर लेव्हन हेल्म त्याच्याबरोबर आर्कान्सॉहून आलेला. बाकीचे अमेरिकन एकेक करून परतले आणि त्यांच्या जागी ऑन्टॅरिओची पोरं आली: टोरोंटोचा रॉबी रॉबर्टसन, सिमकोकडचा रिक डँको, स्ट्रॅटफर्डचा रिचर्ड मॅन्युएल, लंडनचा (ऑन्टॅरिओमधल्या) गार्थ हडसन. बारमध्ये प्यायचं वय २१ आणि रॉबर्टसन बँडमध्ये आला तेव्हा सोळा-सतरा वर्षांचा. यंगवरची कामं आठवड्याच्या हिशोबाने असायची. रोज रात्री तीच माणसं, तोच मंच, आणि बार बंद झाल्यावर हॉकिन्स पुन्हा तालीम घ्यायचा. आजच्यासारखा एक कार्यक्रम करून पुढच्या गावाला निघून जायचं, असं नव्हतं. माझ्या मते या पोरांची खरी शाळा तीच. १९६४ च्या सुरुवातीला ते हॉकिन्सला सोडून स्वतंत्र झाले.

डिलनपर्यंत त्यांचं नाव पोचलं ते त्याच्या मॅनेजरच्या ऑफिसात काम करणाऱ्या मेरी मार्टिन या टोरोंटोच्या बाईमुळे. रॉबर्टसन आणि हेल्म ऑगस्टअखेर न्यूयॉर्कच्या फॉरेस्ट हिल्समध्ये त्याच्याबरोबर वाजवून आले होते. बाकीचे तिघे डिलनबरोबर पहिल्यांदा जमले ते फ्रायर्समधल्या या तालमींत. २४ सप्टेंबरला टेक्ससमधल्या ऑस्टिनला दौरा सुरू झाला.

मंचावर ऑर्गन. हडसन सगळ्यांसारखा हॅमंड कंपनीचा नाही, लाउरीचा वाजवायचा. बँडमध्ये यायच्या अटींतच नवा लाउरी होता, शिवाय घरच्यांना पटावं म्हणून बाकीच्यांना संगीत शिकवायचे आठवड्याला दहा डॉलर माणशी. १:१६० मध्ये ऑर्गन आठ मिलिमीटरचा. तो हॅमंड आहे की लाउरी, भिंगातूनही कळणार नाही. तरी दोन्हींचे फोटो समोर ठेवून लाउरीच केला, प्लास्टिकच्या पट्टीचे चार तुकडे, कळफलकाला कागद. चिमट्यातून एकदा उडाला तो फ्रिजखाली सापडला.

डिलनची आकृती मंचावर ठेवली नाही. टेबलांवर ग्लास आहेत, खुर्च्या अर्ध्या उलट्या करून ठेवल्यात. बार बंद झालाय, पाच जण वाजवताहेत, आणि कोपऱ्यातल्या टेबलाशी पाठमोरा एक जण. एवढंच.

१२ एप्रिल

विजेचं काम. पाट्यांत आणि खिडक्यांत मिळून साठ एलईडी, एकाच तारेवर, आर्डुइनो नॅनो या छोट्या प्रोग्रॅम करता येणाऱ्या बोर्डावरून. डावीकडून वीज दिली. फ्रायर्स छान नारिंगी, एडिसन ठीक, आणि उजवीकडे झांझिबारपर्यंत पोचता पोचता सगळं मळकट लाल आणि लुकलुकणारं. तासभर प्रोग्रॅममध्ये खोट शोधली. खोट तिथे नव्हती: बारीक तारेत व्होल्टेज पडत होतं. दोन्ही टोकांना जाड तारेने ५ व्होल्ट दिले आणि आजार गेला.

साठ एलईडी पूर्ण पांढरे पेटले तर ३.६ अँपिअर ओढतात, म्हणून वीजपुरवठा ५ अँपिअरचा घ्या. सुरुवातीला १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, डेटाच्या तारेवर ४७० ओहमचा रेझिस्टर. मी रेझिस्टर टाळला होता, पहिला एलईडी गेला.

२६ एप्रिल

आवाज. बटण दाबलं की त्या काळचं गाणं वाजावं असं मनात होतं. सार्वजनिक जागेत ध्वनिमुद्रण वाजवायचं म्हणजे परवाना, फी, फॉर्म. ग्रंथालयाच्या बाईंनी सरळ विचारलं, "बाजूला मुलं अभ्यास करतात, तुम्हाला गाणं खरंच हवंय का?" नको म्हटलं. दोन आठवडे घेतलेल्या स्पीकरच्या मापांचं काय करायचं ते बघतो. बटण ठेवलं आहे. ते दाबलं की फ्रायर्स सोडून बाकीच्या सगळ्या पाट्या विझतात आणि फ्रायर्सच्या आतला दिवा लागतो. आवाजापेक्षा हे बरं झालं.

३ मे

ब्लू नोटचा प्रश्न. नुसते गोरे रॉक अँड रोलवाले दाखवून हा रस्ता पुरा होत नाही. ब्लू नोटमध्ये दारू मिळत नव्हती, त्यामुळे बार मिटल्यावरही तो चालू असायचा, आणि बाकीच्या बारमधले वादक आपलं काम आटोपून तिथे ऱ्हिदम अँड ब्लूज ऐकायला यायचे. डायॲन ब्रुक्स, शर्ली मॅथ्यूज, एरिक मर्क्युरी तिथले. आणि जॅकी शेन: नॅशव्हिलहून आलेली कृष्णवर्णीय ट्रान्स स्त्री. १९६३ मध्ये तिची रेकॉर्ड इथल्या सीएचयूएम रेडिओच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेली, आणि १९६७ मध्ये तिचा गाजलेला कार्यक्रम ध्वनिमुद्रित झाला तो रिचमंड स्ट्रीटवरच्या सॅफायर टॅव्हर्नमध्ये.

पश्चिमेची बाजू उभी केली तर ती काचेला टेकते आणि पूर्वेची बाजू झाकते. तीन उपाय करून बघितले: अर्धी उंची (विचित्र), पारदर्शक ॲक्रिलिक (बोटांचे ठसे), आणि शेवटी फक्त ब्लू नोटचं दार, फूटपाथचा एक तुकडा आणि दारातली रांग. प्रेक्षक काचेपाशी वाकला की तो त्या रांगेच्या मागेच उभा असतो. रांगेतल्या दोघांच्या हातात गिटारच्या पेट्या आहेत. सॅफायर फळीवर येत नाही, त्याला मथळ्याच्या, म्हणजे माहितीच्या, पाटीत जागा दिली.

मथळ्यांत एक ओळ वाढवली: ४२३ यंगच्या २२ मजली इमारतीच्या भिंतीवर या रस्त्यावरच्या गायक-वादकांची चित्रं आहेत, शेन आणि हॉकिन्ससकट. पेटी बघून झाल्यावर वाचकाने मेट्रो पकडून तिथे जावं.

१० मे

मांडलं. पेटीत वरून कचकचीत पांढरी ट्यूब होती. ती लावली की माझी रात्र म्हणजे दुपार. ट्यूब बंद करायची परवानगी मिळाली, पण मग मथळे वाचता येईनात. त्यांच्यापुरती एक छोटी पट्टी-दिवा लावली, काळ्या कागदाने उजेड खाली वळवून. काचेत समोरच्या खिडकीचं प्रतिबिंब पडतं. पेटीची दिशा बदलता येत नाही, तेव्हा संध्याकाळी पाचनंतर बघा असं लिहून टाकलं.

खर्च, कर धरून: लाकूड आणि एमडीएफ ७२, एलईडी, नॅनो, वीजपुरवठा, तारा ९४, फुकट गेलेली ईएल वायर आणि फिलामेंट ६८, छपाई आणि फिल्म ५५, मोटारी, ट्राम, माणसं १३०. एकूण ४१९ डॉलर. माणसं स्वतः रंगवली असती तर पन्नासेक वाचले असते, पण साडेसातशे रुपयांचं भिंग घेऊनही माझे डोळे आता तेवढे काम करत नाहीत.

२४ मे

दोन आठवड्यांत दोन दुरुस्त्या. एडिसनच्या पाटीतला बटरपेपर उन्हाने सुटला. आता चिकटपट्टीऐवजी कडेने डिंक. बटणाची स्प्रिंग बसली, कारण पोरं ते सलग वीस वेळा दाबतात. व्हिडिओ गेमच्या मशीनला असतं तसलं दणकट बटण बसवलं, ६ डॉलर. पहिल्यापासून तेच घ्यायला हवं.

एक आजोबा बराच वेळ ल कॉक डॉरसमोर उभे होते. म्हणाले, वरच्या मजल्यावर बिनदारूचा क्लब होता, हॉक्स नेस्ट, एकवीसच्या आतल्यांसाठी. आम्ही तिथे जायचो, तुमच्या वरच्या खिडक्या का अंधाऱ्या? बरोबर आहे त्यांचं. तळमजला पेटवण्याच्या नादात ३३३ चा वरचा मजला मी रिकामा सोडला होता. ग्रंथालय सोमवारी सकाळी दहाला उघडतं. तीन एलईडी आणि पिवळा बटरपेपर घेऊन जातोय. वीजपुरवठ्यात अजून जागा आहे.